बिराजदारांचा पाय

मला बघायला निलंग्याहून नांदेडला एक जीपभर माणसं आली होती. पोहे झाले, चहा झाला, शिक्षण काय, स्वयंपाक येतो का, सगळं विचारून झालं. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक उंच, काटक बाई बसल्या होत्या. त्या तोवर अवाक्षर बोलल्या नव्हत्या आणि माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं. मी ट्रे घेऊन आत निघाले, तशा म्हणाल्या, "थांब गं. जरा पाय दाखव." आमच्या बाबांचा कप हातातच राहिला. मी पाय पुढे केला. बाईंनी चष्मा सावरून, वाकून नीट पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "पोरगी चांगली हाय. पाय लईच सरळ हाय, पण चालवून घेऊ."

या महादेवीआत्या, माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या आत्या. लग्नाला आता पुष्कळ वर्षं झाली, पण ते "चालवून घेऊ" मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

सरळ पायात वाईट काय, हे मला सासरी आल्यावर कळलं. बिराजदारांच्या घरात बऱ्याच जणांच्या पायाच्या अंगठ्याशी, आतल्या बाजूला, हाड पुढे येऊन गाठ होते आणि अंगठा शेजारच्या बोटांवर कलतो. सासऱ्यांना होती. बसवराजला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, थोडी आहे. आत्यांची मात्र दोन्ही पायांवर लिंबाएवढी. डॉक्टर तिला दुखणं म्हणतात, आत्या तिला शिक्का म्हणतात. "निजामाच्या कागदावर शिक्का असायचा न्हाई का, तसा आमच्या पायावर हाय. कुणाला नक्कल करता येत न्हाई."

घरात मूल जन्मलं की बाकीच्या बायका नाक कुणाचं, रंग कुणाचा ते बघतात. आत्या दुपटं पायाकडून उघडतात. अहो, तान्ह्या बाळाला ही गाठ नसते, आली तर मोठेपणी येते, असं डॉक्टरीणबाईंनी त्यांना परोपरीनं सांगितलं. "तुम्हाला दिसत न्हाई," आत्या म्हणाल्या, "मला दिसून राहिलाय." माझ्या मुलाच्या बाबतीत त्यांनी निकाल बारशापर्यंत राखून ठेवला होता. मग भर बारशात "उतरलाय, उतरलाय" म्हणून जाहीर केलं आणि पेढे दोनदा वाटायला लावले.

एकदा लातूरला एका लग्नात मंडपाबाहेर चपला काढणाऱ्या अनोळखी गृहस्थाला त्यांनी अडवलं आणि "तुम्ही कुठले बिराजदार?" असं सरळ विचारलं. मी लाजेनं अर्धी झाले. तर तो मेला खरंच बिराजदार निघाला, पणजोबांच्या वेळी वेगळं झालेल्या घरातला. त्या दिवसापासून घरात आत्यांपुढे बोलायची कुणाची बिशाद उरली नाही.

चपलांचं तर विचारूच नका. नवी चप्पल नाहीतर बूट घरात आला की आत्या ब्लेड घेऊन बसणार आणि गाठीच्या जागी खिडकी पाडणार. बसवराजनं हौसेनं आणलेल्या भारी बुटांचं तासाभरात हेच झालं. मी म्हटलं, "आत्या, मोठ्या मापाचे आणले असते." तर म्हणाल्या, "मोठं माप घेऊन शिक्का झाकायचा कशाला? त्याला काय चोरी हाय?" निलंग्याच्या बाजारातून त्या चालायच्या त्या अशा ताठ, की कुणी पायाकडे बघितलं तर त्याच्यासाठी क्षणभर थांबायच्या.

सासरे गेले आणि त्यानंतर शिक्क्याचं कौतुक फारच वाढलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय दाखवायच्या, सासऱ्यांच्या पायाशी जुळवून सांगायच्या. मला वाटलं, भावाची आठवण येते, बोलू दे. दुखणंही त्याच सुमारास वाढलं. दर सोमवारी महादेवाच्या देवळात चालत जाणारी बाई उंबऱ्यात बसून राहायला लागली. विचारलं की उत्तर ठरलेलं, "दुखत न्हाई गं. शिक्का ताजा होऊन राहिलाय." एका सकाळी मोरीपर्यंत जायला त्यांना भिंत धरावी लागली, तेव्हा माझं डोकं फिरलं. शिक्का गेला खड्ड्यात म्हटलं आणि त्यांना गाडीत घालून लातूरला नेलं.

डॉक्टर तरुण होते, शांत होते. उभं करून पायाचे फोटो काढले. आधी साधे उपाय दिले: पुढून रुंद, मऊ बूट, अंगठा आणि शेजारच्या बोटामध्ये बसवायचा सिलिकॉनचा तुकडा, रात्री बांधायचा पट्टा, बर्फाचा शेक, फारच दुखलं तर गोळी. शिवाय व्यायाम, जमिनीवरचा टॉवेल पायाच्या बोटांनी गोळा करायचा. "यानं दुखणं कमी होईल," ते म्हणाले, "पण हाड जागेवर जाणार नाही, हे आधीच सांगतो." सिलिकॉनचा तुकडा आत्यांना भारी आवडला. शिक्क्याला गादी आणली म्हणून त्यांनी गल्लीभर दाखवला. तोंड पुसायच्या टॉवेलाला मात्र पाय लावायला त्यांचा जीव होईना, म्हणून बसवराजची लुंगी वापरायला लागल्या. बसवराज अंघोळ करून बाहेर आला की लुंगी आत्यांच्या पायाखाली.

काही महिने बरे गेले. मग पुन्हा भिंत, पुन्हा लातूर. या वेळी डॉक्टर म्हणाले, "आता ऑपरेशन. हाड कापून सरळ बसवायचं, स्क्रू घालायचा. एका वेळी एकच पाय. दीड महिना खास बूट घालून टाचेवर जोर देत चालायचं, सूज पूर्ण उतरायला आणखी काही महिने. नुसतं दिसायला बरं म्हणून मी कुणाचा पाय कापत नाही. तुम्हाला चालता येईना, म्हणून म्हणतो."

आत्यांनी विचारलं, "गाठ जाईल?"

"जाईल."

"परत येणार न्हाई?"

"बहुतेक नाही."

दुसरा पेशंट खूश झाला असता. आत्या पिशवी उचलून उभ्या राहिल्या. "मग नको."

बसवराज आम्हाला दवाखान्यात सोडून खताच्या कामाला गेला होता. तो येईपर्यंत आम्ही दोघी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलो आणि मी त्यांना फैलावर घेतलं. हा काय पोरकटपणा, गाठीसाठी कुणी पांगळं होऊन बसतं का, म्हणून खूप बोलले. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "वैशाली, माझ्या आधार कार्डावर काय नाव हाय?"

"महादेवी हत्ते."

हत्ते उदगीरचे. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत आत्यांचा नवरा गेला. सासरच्यांनी ठेवून घेतलं नाही, तेव्हा माझे सासरे जाऊन बहिणीला घेऊन आले. तेव्हापासून त्या निलंग्यातच.

"दादा होता तोवर मला कुणी कायच विचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. "दादाची बहीण हाय, एवढं पुरत होतं. आता घर बसवराजच्या नावावर, सैपाकघर तुझं. कागदावर मी हत्त्यांची, अन् त्यांनी तर तवाच हाकललं. मी या घरची हाय, हे दाखवायला या पायांशिवाय माझ्यापाशी काय हाय गं?"

इतकी वर्षं मी ज्या पायांवर हसले, त्यांच्याच आधारानं ही बाई माझ्या घरात उभी होती आणि तेही अशा तोऱ्यात, की मला कधी संशय येऊ नये. मला त्यांचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त अभिमान वाटला.

मार्गही त्यांनीच काढला. "उजवा करू. डावा राहू दे. एक पाय चालायला, एक घरात राहायला." हेही उपकार केल्यासारखं, मान ताठ ठेवून.

उजव्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. कमरेखाली भूल होती, त्यामुळे आत्या डॉक्टरांना सगळ्या बिराजदारांची कुळकथा सांगत होत्या. कापलेला हाडाचा तुकडा घरचा हाय, परत द्या, असंही म्हणाल्याचं नर्सनं मला सांगितलं.

पण पेशंट म्हणून बाई महा द्वाड. पाय उशीवर ठेवा म्हटलं की जरा वेळानं खाली. एका दुपारी मी गच्चीवरून वाळवण घेऊन खाली आले, तर खास बूट कोपऱ्यात पडलेला आणि आत्या एका पायावर उड्या मारत चुलीपाशी. पोराला ज्वारीचा गरम धपाटा करून घालायचा होता म्हणे. माझा तोल सुटला. "अक्कल गहाण टाकली का तुम्ही? स्क्रू हलला तर परत कोण निस्तरणार? मी. माझंच नशीब फुटकं. मुकाट बसा तिथं, हललात तर तंगडं बांधून ठेवीन." आणखीही बोलले, ते इथं लिहीत नाही. आवाज इतका चढला, की शेजारच्या कमलाबाई दारात आल्या. "वैशाली, हळू गं. म्हातारं माणूस हाय, असं बोलावं का?"

आत्यांनी खुर्चीतूनच त्यांना झापलं. "कमला, तू मधे पडू नको. हे आमच्या घरातलं हाय. पाहुण्याला कुणी असं बोलून राहतं का?"

कमलाबाई गेल्या. मी खाली बसून, तोंडानं अजून पुटपुटत, आत्यांच्या पायात बूट चढवायला लागले. पट्टे आवळताना मी वर बघितलं नाही, कारण डोळे भरले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"वैशाली," वरून आवाज आला, "डॉक्टरला फोन कर. डाव्याची बी तारीख घेऊन टाक."