बाईंची गाडी

कोसिन्स्की सरांचा जीव त्या दिवशी थाऱ्यावर नव्हता. काउंटीच्या तंत्रशाळांतला एक वर्ग पैशांअभावी बंद व्हायचा होता, आणि सगळी बोटं त्यांच्या गाडीदुरुस्तीच्या वर्गाकडे होती. संध्याकाळी शाळा चालवणाऱ्या बोर्डापुढे शब्द चालणार होता तो शाळांच्या प्रमुख पेलेग्रिनोबाईंचा. म्हणूनच बाई दुपारी वर्ग पाहायला आल्या होत्या.

बाईंनी गाडी मोठ्या दाराशी लावली आणि किल्ली आतच ठेवली. लोक भंगार गाड्या शाळेला दान देत, त्या अशाच ठेवून जात. पोरांना हीही तसलीच वाटली, त्यांनी कुणाला न विचारता पाने-पकडी घेऊन ती खोलायला घेतली. बाईंना वेल्डिंगचा वर्ग दाखवून सर परतले, तेव्हा चाकं, सीटा, बंपर सगळं जमिनीवर आलं होतं.

"सर, ब्रेक पार गेलेत हिचे," पोरांतली येसेनिया उत्साहाने म्हणाली.

"ब्रेक नाही, माझी नोकरी गेली. जोडा आधी!"

मग ते बाईंकडे धावले. ब्रेक जरा बघून देतो, तोवर केस नीट करून घ्या, बोर्डापुढे उभं राहायचंय, असं त्यांनी गळी उतरवलं. केशरचनेचा वर्ग पलीकडेच होता आणि तो चालवणारी डार्लिन ही सरांचीच बायको. तिला त्यांनी फोन केला, "मी सांगेपर्यंत बाईंना खुर्चीतून उठू देऊ नकोस."

डार्लिनने केस धुतले, कापले. बाई घड्याळ बघू लागल्या. सरांचा फोन आला, सीटा राहिल्यात. तिने आणखी कापले. बाई उठायला लागल्या. पुन्हा फोन, बंपर राहिलाय. आता कापायला फारसं उरलं नव्हतं, म्हणून तिने रंग लावला.

संध्याकाळी नवराबायको सभेत मागच्या बाकावर जीव मुठीत धरून बसले. बाई टोपी घालून उभ्या राहिल्या.

"गाडीचा वर्ग बंद करा, हेच सांगायला मी निघाले होते," त्या म्हणाल्या. "पण माझी गाडी ब्रेक दाबला की कित्येक महिने खडखडत होती, कुणाला बरी करता आली नाही. या पोरांनी मी न सांगता बरी केली. हा वर्ग राहिलाच पाहिजे."

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला.

"पण एक वर्ग तर बंद करायलाच हवा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी टोपी काढली.

सभागृहात कुणी हसलं नाही. केस टोमॅटोसारखे लाल होते आणि एका बाजूला नुसते खुंट होते.

डार्लिनने हात हळूच सोडवून घेतला.

"स्टॅन," ती म्हणाली, "तो बंपर नंतर लावला असता तर चाललं नसतं?"