गच्चीवरची लौकी

शनिवारी दुपारी नागपूरच्या बेसा भागातल्या आपल्या घराच्या गच्चीवर मनोहरराव स्टुलावर उभे राहून जाईच्या वेलाला दुधी भोपळा बांधत होते. भोपळा बाजारातला, वेल नर्सरीतला आणि हिरवा दोरा सुमतीबाईंच्या शिवणाच्या डब्यातला. संध्याकाळी चर्चच्या मंडळीची घरगुती प्रार्थना याच गच्चीवर भरणार होती, पाळकसाहेब येणार होते, आणि त्याआधी ही बाग निदान पावसाळ्यापासूनची दिसायला हवी होती.

"जाईच्या वेलाले लौकी लागते का कुठं?" सुमतीबाईंनी खालून विचारलं. नागपुरात दुधीला लौकीच म्हणतात.

"नर्सरीत दुसरा वेल नव्हता. अन् संध्याकाळच्या उजेडात कोण पाहते एवढं बारीक?"

"देव पाहते ना."

"त्याले तर मालूमच आहे वं. प्रश्न कुसुमताईचा आहे."

कुसुमताई म्हणजे गायकवृंदातल्या सर्वांत ज्येष्ठ बाई. माहेर काटोलकडचं, शेतीवाडीचं, आणि पान बघून झाडाची तब्येत सांगण्याची त्यांना वाईट सवय होती. मनोहररावांनी भोपळ्याला आणखी एक वेढा दिला. सुतळी वापरली असती तर भोपळा पक्का राहिला असता, पण सुतळी दिसली असती. खोट्याचं काम असंच असतं, मजबुतीपेक्षा रंग जुळवावा लागतो.

मनोहरराव सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते आणि गेली कित्येक वर्षं मंडळीचे वडील, म्हणजे तिच्या कारभारी पंचांपैकी एक, होते. त्यांची ख्याती दोन गोष्टींबद्दल होती, प्रार्थना आणि खरेपणा. प्रार्थना लोकांनी ऐकली होती. खरेपणाबद्दल बहुतेक माहिती त्यांनी स्वतःच पुरवली होती.

आता या भोपळ्याची कुळकथा. मंडळीत दर वर्षी कापणीचा सण होतो. प्रत्येक घराने आपल्या कष्टाचं पहिलं पीक वेदीपुढे ठेवायचं आणि चर्चमधली भक्ती संपल्यावर अंगणात त्याचा लिलाव करायचा, अशी जुनी रीत. पूर्वी लोकांकडे वावर होतं, आता त्या वावरात फ्लॅट उभे आहेत. तेव्हा मंडळी बाजारातून पिशवी भरून आणायची आणि वेदीपुढे ठेवायची. कोणी कोणाला विचारत नसे आणि देवही बोलत नसे. मनोहररावांनी मात्र विचारलं. 'हातचं असेल तेच आणा' असा ठराव त्यांनीच पास करून घेतला. गेल्या वर्षी अश्विन नावाच्या तरुणाने संत्र्यांची पेटी आणली आणि तिच्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली राहिली. भक्तीनंतरच्या सूचना सांगताना मनोहरराव नाव न घेता, पण थेट अश्विनकडे बघत, खोट्या अर्पणावर घसा कोरडा पडेपर्यंत बोलले. अश्विनचं लग्न नुकतंच झालं होतं, रितिका शेजारीच बसली होती. त्यानंतर ती दोघं शेवटच्या बाकावर बसू लागली, ती आजतागायत.

यंदा मनोहररावांनी गच्चीवर कुंड्यांत भेंडी लावली. ती वानरांनी खाल्ली. सण दुसऱ्या दिवसावर आला तेव्हा ठराव करणाऱ्याच्या हातात काहीच नव्हतं. मग ते कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात गेले, एक देखणी लौकी आणली, आणि ती फारच स्वच्छ दिसते म्हणून तिला कुंडीतली माती चोळली. वेदीपुढे पाळकसाहेबांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि विचारलं, "मनोहरराव, ही कुठली हो?"

"गच्चीवरची," मनोहरराव म्हणाले.

एवढा एकच शब्द. पण पाळकसाहेब विषयाच्या शोधातच होते. त्यांनी त्या लौकीवर संदेश दिला. बी जसं मातीत आतल्या आत बदलतं तसं माणसाचं अंतःकरण बदललं पाहिजे, मग फळ आपोआप दिसतं, असं ते म्हणाले. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "रोज प्रार्थना करत असाल ना हिच्यावर?" आता मागे फिरायला वाट नव्हती. मनोहरराव म्हणाले, "रोज." तेव्हा पाळकसाहेबांनी जाहीर करून टाकलं की पुढची घरगुती प्रार्थना मनोहररावांच्या गच्चीवर, त्या वेलाखालीच होईल.

"सांगून टाका ना खरं," सुमतीबाई दोन आठवडे म्हणत होत्या. "काय होईल? दोन दिवस हसतील."

"अश्विन बसला राहीन ना तिथं. त्याले मी भर मंडळीत किती बोललो. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

"ज्या तोंडानं बोलले होते त्याच."

पण नवऱ्याची लाज गेली तर निम्मी आपलीही जाते, या हिशेबाने सुमतीबाईंनी डबा उघडला आणि सुईत दोरा ओवला. संध्याकाळपर्यंत जाईला लौक्या लागल्या, जास्वंदीला दोडके आले आणि कढीपत्त्याच्या झाडाला वांगी धरली.

मंडळी वेळेवर आली, कारण बागेची उत्सुकता होती. उजव्या हाताला कठड्याशी वेल, मध्ये सतरंजी, समोर एकच बल्ब, तोही मनोहररावांनी मुद्दाम मंद लावलेला. पाळकसाहेब दुपारी दोन लग्नं लावून आले होते, ते भिंतीला टेकून बसले. "काय आशीर्वाद आहे," वेलाकडे बघून ते म्हणाले, आणि डोळे चोळू लागले. अश्विन आणि रितिका इथेही मागेच बसली.

कुसुमताई मात्र बसल्या नाहीत. त्या चष्मा सावरत कठड्याकडे निघाल्या.

"मनोहरराव, पान तर जाईचं दिसून राहिलं बाप्पा."

"वेगळी जात आहे ताई."

"असं? पाहू द्या बरं हात लावून."

मनोहरराव घाईने मध्ये आले. आणि ऐन वेळी त्यांना तो उपाय सुचला, जो त्यांना आयुष्यभर सुचत आला होता. "आधी आपण प्रार्थना करू या," ते मोठ्यांदा म्हणाले आणि डोळे मिटून मोकळे झाले. कुसुमताईंना जागच्या जागी बसावं लागलं. प्रार्थना सुरू असताना हलायचं नाही, बोलायचं नाही आणि डोळे उघडायचे नाहीत, एवढी एकच शिस्त या मंडळीत शिल्लक होती.

"हे आमच्या स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे उपकार मानतो," मनोहररावांनी आपल्या खास प्रार्थनेच्या आवाजात सुरुवात केली. इतक्यात वारा सुटला, आणि उजव्या बाजूला 'धप्प' असा आवाज झाला.

"आमेन," कोणीतरी पुटपुटलं.

मनोहररावांनी एक डोळा किलकिला केला. पहिली लौकी खाली पडली होती, दुसरी एका दोऱ्यावर गिरक्या घेत होती, आणि सुमतीबाई तोंडात सुई धरून रांगत वेलाकडे निघाल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघून हाताने खूण केली. खुणेचा अर्थ स्पष्ट होता. चालू ठेवा.

मनोहररावांनी चालू ठेवलं. त्यांनी देशासाठी प्रार्थना केली, राज्यासाठी केली, महानगरपालिकेसाठी केली. बेसाचे रस्ते देवाच्या हाती सोपवले, कारण दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं. आजाऱ्यांसाठी, विधवांसाठी, परीक्षेला बसलेल्यांसाठी आणि परीक्षा घेणाऱ्यांसाठी त्यांनी कृपा मागितली. मग दोडके गळायला लागले, तेव्हा ते समुद्रावर प्रवास करणाऱ्यांकडे वळले. नागपूरपासून समुद्र बराच लांब आहे, पण गरज होती. एक वांगं घरंगळत पाळकसाहेबांच्या पायाशी येऊन थांबलं आणि सुमतीबाई ते आणायला गेल्या, तेवढ्या वेळात आफ्रिका खंड उरकला.

मग एक क्षण असा आला की मागायचं काहीच उरलं नाही. मनोहररावांनी आठवून पाहिलं. राजे झाले, कैदी झाले, गुरंढोरंसुद्धा झाली. सुमतीबाई अजून 'आणखी, आणखी' म्हणून हात फिरवत होत्या. पाठ केलेल्या सगळ्या ओळी संपल्या होत्या आणि तोंड तर उघडंच होतं. गच्चीवर शांतता पसरली. त्या शांततेत मनोहररावांना कित्येक वर्षांत पहिल्यांदाच वाटलं की कोणीतरी खरोखर ऐकत आहे. त्यांना भीती वाटली. इतकी वर्षं ते ज्याच्याशी बोलत होते, तो ऐकतही असेल, हे त्यांनी कधी गृहीत धरलंच नव्हतं.

"प्रभू," ते म्हणाले, आणि तो खास आवाज गेला कुठे कोण जाणे. ते घरी बोलतात तसेच बोलू लागले. "आता माझ्याजवळ मागाले काही राहिलं नाही. ह्या लौक्या कॉटन मार्केटच्या आहेत. सणाची लौकी बी तिथलीच होती. मी तिले माती चोळली. अश्विनले मी सगळ्यांसमोर बोललो, त्याच्या बायकोसमोर बोललो. त्याच्या पेटीवर निदान दुकानाचं नाव तरी होतं. मी रोज प्रार्थना करतो म्हणून सांगितलं, ते बी खोटं. मले सुधरव. आमेन."

त्यांनी डोळे उघडले. सुमतीबाई शेवटचं वांगं कढीपत्त्याला बांधून, दोरा दाताने तोडून, घाम पुसत उभ्या होत्या. बाग पुन्हा जशीच्या तशी होती. नवऱ्याची प्रार्थना ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"मग मले काहून रांगाले लावलं?" त्या म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. मनोहररावांनी धीर करून मंडळीकडे पाहिलं. सगळ्यांचे डोळे उघडे होते, आणि आत्ताच उघडलेले दिसत नव्हते.

"काका," अश्विन मागून म्हणाला, "पहिली लौकी पडली तवापासून आम्ही पाहूनच राहिलो होतो."

"पाहून राहिले होते? मग कोणी बोललं काहून नाही?"

"प्रार्थना चालू होती ना बाप्पा," कुसुमताई म्हणाल्या. "मधात कसं बोलावं? मी तर म्हटलं, आता समुद्र झाला, पुढं कुठं जाते हा माणूस ते पाहू."

रितिकाने तोंडाला पदर लावला. अश्विन उठून पुढे आला आणि मनोहररावांच्या शेजारी सतरंजीवर बसला. मनोहररावांना त्याच्याकडे बघवेना. आपण ज्याला शेवटच्या बाकावर धाडलं तो आपणहून शेजारी येऊन बसला, याने त्यांना जितकी लाज वाटली तितकी सगळ्यांनी मिळून शिव्या दिल्या असत्या तरी वाटली नसती.

इतक्यात पाळकसाहेब हलले. मंडळीत डोळे मिटलेला तेवढा एकच माणूस होता, आणि तो पहिल्या लौकीच्या आधीच गाढ झोपला होता. 'आमेन' उशिरा पोचल्यासारखे ते दचकून ताठ बसले. समोर टवटवीत बाग होती, लटकलेल्या लौक्या होत्या आणि मंडळीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"वा, मनोहरराव," ते गहिवरून म्हणाले. "काय प्रार्थना केलीत. एकेक शब्द अंतःकरणाला जाऊन भिडला. आणि ही बाग. यालाच मी आतून झालेला बदल म्हणतो."

मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. अश्विन मनोहररावांच्या कानाशी वाकला. "राहू द्या काका. देवाले सांगितलं ना तुमी. साहेबांले कोणी काही सांगत नाही. आमच्याकडून हा विषय संपला."

सुटका अगदी हाताशी होती आणि तीही ज्याला दुखावलं त्याच्याच हातून. मनोहररावांना ती घ्यावीशी वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. देवापुढे कबूल करणं तसं सोपं असतं, तो चहाला घरी येत नाही. पाळकसाहेब येतात. मनोहरराव उठले, वेलाजवळ गेले, एक लौकी खसकन ओढून दोऱ्यासकट घेऊन आले आणि ती पाळकसाहेबांच्या मांडीवर ठेवली.

"साहेब, ही कॉटन मार्केटची आहे. सणाची बी तिथलीच होती. मी खोटं बोललो."

पाळकसाहेबांनी तो हिरवा दोरा बोटाने ओढून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला, पण त्यात राग नव्हता. तो घाबरलेल्या माणसाचा चेहरा होता.

"मनोहरराव," ते हळूच म्हणाले, "गेल्या रविवारी मी कन्हानच्या मंडळीत पाहुणा म्हणून गेलो होतो. तिथं मी हाच संदेश दिला. वेल माझ्या डोळ्यांनी पाहिला, असं सांगितलं. लोक रडले हो. काही घरांनी बियाणं आणलं, त्याच्यावर रोज प्रार्थना सुरू केली. आता तिथं काय सांगू?"

"पाहिला म्हणून सांगितलं तुमी?" सुमतीबाईंनी विचारलं.

"ओघात आलं," पाळकसाहेब म्हणाले.

ओघात काय येतं हे मनोहररावांना चांगलं ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कोणावर संदेश द्यायची संधी सोडली. "चला साहेब," ते म्हणाले, "उद्या दुपारून आपण दोघंही जाऊ कन्हानले. माझं मी सांगतो, तुमचं तुमी सांगा. एकदाचं मोकळं होऊ."

पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर पुन्हा रक्त आलं. त्यांनी मनोहररावांचा हात दोन्ही हातांत धरला.

"जाऊ, नक्की जाऊ," ते म्हणाले. "तुम्ही आत जाऊन सांगा. मी तोवर बाहेर गाडीत बसून तुमच्यासाठी प्रार्थना करतो."