गच्चीचा रकाना

"आजच्या भाषणानंतर मराठी मंडळात कुणी सौरऊर्जेचं नाव काढणार नाही," बाबांनी रविवारी सकाळी चहा पिताना जाहीर केलं. त्यांच्यासोबतचा तो शेवटचा साधा दिवस. आम्हाला ते ठाऊक नव्हतं, म्हणून तो आम्ही मनसोक्त भांडण्यात घालवला.

बाबा चौतीस वर्षं औष्णिक वीजकेंद्रांत होते. कोळशाला कुणी नावं ठेवली की आपल्या सख्ख्या मामाला ठेवल्यासारखे चिडायचे. मी निघाले सौरऊर्जेच्या कंपनीत. म्हणजे कुलबुडवीच. जयपूरच्या आमच्या घरावरची पॅनेलं मीच बसवली होती, आणि ती बघून मंडळातली अकरा घरं माझ्याकडून बसवून घेणार होती.

संध्याकाळच्या भाषणाचा विषय होता 'वीज, आपली आणि जगाची'. त्यासाठी बाबांनी केलेल्या तक्त्यातले दोन रकाने चोख होते. भारतात वीजनिर्मितीची जवळपास निम्मी क्षमता आता कोळसा-वायूबाहेरची, पण प्रत्यक्ष विजेत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या वर. जगात तो साधारण एक तृतीयांश, आणि उतरणीला लागलेला. इतकं स्वच्छ आमच्या कंपनीतही कुणी मांडत नाही. तिसऱ्या रकान्याचं नाव मात्र होतं 'आमची गच्ची', आणि आठ दिवसांत तिथली वीज निम्म्यावर आली होती.

"हे काय, बाबा?"

"जगाचा कल. गच्चीवर पोचण्याआधी आपल्या जिन्यात अडकलेला दिसतो."

"हे मंडळात दाखवणार? अकरा घरं आहेत माझी."

"मग नीट बसवायचं."

"तुम्ही वर जाऊन पाहिलंत?"

"गुडघे नाही म्हणतात. आकडे मोबाइलवर येतात."

मी आठ दिवस जैसलमेरला कामावर होते. तशीच वर गेले. पॅनेलांच्या पहिल्या रांगेवर बाबांची जुनी धोतरं चिमट्यांनी ताणून बसवलेली, आणि त्यांवर कुरडया. दुसऱ्या रांगेवर शेजारच्या कलावतीभाभींच्या मंगोड्या, म्हणजे मूगडाळीचे सांडगे. आई कुरडया उलटवत होती.

"आई, अगं हे काय?"

"वाळवण. काच स्वच्छ, तापते तव्यासारखी, आणि माकडं घसरतात. तुझ्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिला उपयोग."

कठड्यापलीकडून कलावतीभाभी म्हणाल्या, "बेटी, दो पैनल और लगवा दे. पापड़ बाकी हैं."

मी पुरावा म्हणून एक कुरडई खाली नेली. बाबांनी चष्मा लावून ती तपासली.

"पुरावा मागाहून ठेवलेला असू शकतो."

"दाखवा मग तो रकाना," मी म्हणाले. "मुलीची अब्रू घालवायला मंडळाचा हॉल चांगला मोठा आहे."

बाबांनी कुरडई रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

संध्याकाळी दोन रकाने झाले. तिसरा पडद्यावर आला आणि मी मान खाली घातली.

"हा रकाना चुकीचा आहे," बाबा म्हणाले. "पॅनेलं चुकली नाहीत, मी चुकलो. जन्मभर हाताखालच्यांना सांगितलं, आकड्यावर बोलण्याआधी यंत्र पाहून या. मी स्वतः पाहिलं नाही. माझ्या मुलीने पाहिलं. तिचं काम चोख आहे."

आणि त्यांनी रुमाल सोडून कुरडई वर धरली.

तिथे भाषण संपलं. त्यानंतर सभा कुरडईची झाली. सचिव उमाकांतकाका म्हणाले, "प्रश्न विचारा." रत्नप्रभाकाकूंनी विचारलं, "गहू तीन दिवस भिजवला की चार?" एकूण सात प्रश्न आले. सातही आईला. टाळ्याही आईलाच.

परतताना गाडीत बाबा हळूच म्हणाले, "जगाचं कुणी काही विचारलंच नाही."

मी एवढी पुस्तकं वाचलेली बाई. मला सुचलं ते इतकंच, "सीट बेल्ट लावा."

सोमवारी सकाळी ते उठले नाहीत.

याला आता दोन महिने झाले. अकराही घरांवर पॅनेलं लागली. त्यांतल्या चार घरच्या बायकांनी लावण्याआधी विचारून घेतलं की पापडांना कोणता उतार बरा. आज सकाळी आमची पॅनेलं पुसायला वर गेले आणि एकटीच बोलू लागले. कलावतीभाभी कठड्यापाशी येऊन थबकल्या, आणि न विचारताच परत गेल्या. मी थांबले नाही.

"बाबा, भाषण फार छान झालं. भरल्या सभेत तुम्ही माझ्यासाठी स्वतःची चूक सांगितलीत, तेव्हा मला वाटलं, उठून सगळ्यांना सांगावं, हे माझे वडील आहेत."