खाडीपलीकडची खूण

फणसळकरमास्तर देवळात गेले की देवाला नमस्कार करण्याआधी कळसाचा कोन घेत. उपरण्याखालून एक लाकडी पाटी काढायची, तिच्यावर खिळ्यानं अडकवलेली बोरूची नळी डोळ्याला लावायची, दुसरा डोळा मिटायचा आणि जिभेचं टोक बाहेर काढून पुटपुटत उभं राहायचं. मागे दर्शनाची माणसं खोळंबलेली असत. एका सोमवारी गुरव वैतागून म्हणाला, "मास्तर, देव खाली आहे, वर काय बघताय?" मास्तर नळीतून डोळा न काढता म्हणाले, "देव कुठे पळतोय का? माझा कोन हलतोय. जरा दम धर."

आमच्या ठाण्याच्या हायस्कुलात ते गणित शिकवत आणि मी संस्कृत. माझं आणि आकड्यांचं लहानपणापासून वाकडं, त्यामुळे आमची मैत्री टिकली. "पाया सांगा, कोन सांगा, बाकी माझ्यावर सोडा," हे त्यांचं पालुपद. हे ते कुठेही म्हणत. शेजारच्या वकिलांची म्हैस हरवली तेव्हाही त्यांनी आधी हेच म्हटलं आणि मग चपला शोधल्या. म्हैस संध्याकाळी आपली आपण परत आली. वकील मात्र वर्षभर मास्तरांना मान देऊन होते.

काटकोन त्रिकोण शिकवायला ते फळ्याकडे जातच नसत. शिपायाकडून शिडी मागवत आणि वर्गाच्या भिंतीला टेकवत. "ही भिंत, ही जमीन. दोघी एकमेकींशी ताठ, कुणी वाकायला तयार नाही. म्हणून झाला काटकोन. आता ही शिडी. हिचं एक टोक हिच्याकडे, एक तिच्याकडे. हिला म्हणायचं कर्ण. घरातलं थोरलं माणूस! सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत तिरकं." मुलं हसत, आणि हसता हसताच भिंतीला शिडीनं भागलं की कोनाची ज्या, म्हणजे इंग्रजीतलं 'साइन', मिळते, हे त्यांच्या डोक्यात जाऊन बसे. शिडीचा पाय पुढे ओढला की कोन कसा लहान होतो तेही ते करून दाखवत. शिपाई वर चढलेला असताना हा प्रयोग करू नये, हे सांगायला मात्र ते एका वर्षी विसरले. शिपाई पंधरा दिवस लंगडत घंटा देत होता.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि मुलगी यमू. मास्तरांसाठी स्थळं घेऊन येणाऱ्यांची त्या काळी वाण नव्हती. एका मध्यस्थाला त्यांनी सांगितलं, "दोन बाजूंचा त्रिकोण होत नाही, कबूल. म्हणून मिळेल ती काठी आणून तिसरी बाजू लावायची काय?" मध्यस्थाला काही कळलं नाही, पण तो पुन्हा आला नाही. पुढे यमूचं लग्न झालं आणि घरात एकच बाजू उरली. तिच्याबद्दल ते शाळेत अवाक्षर काढत नसत. आम्हीही विचारत नसू.

लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी मास्तरांनी वरच्या वर्गाला खाडीवर नेलं. शनिवारची शाळा सकाळची, म्हणून ती सुटल्यावर. काम काय, तर पाण्यात पाय न बुडवता खाडीची रुंदी काढणं. पलीकडे कळव्याच्या काठावर होड्या बांधायचा एक खुंट होता. त्याच्या अगदी समोर, आपल्या काठावर एक मेख ठोकायची. तिथून काठाकाठानं सरळ काही हात चालून दुसरी मेख ठोकायची आणि तिथून नळी लावून खुंटाचा कोन घ्यायचा. की झाला त्रिकोण. खाडी ओलांडायला होडी नको, की नावाड्याची मनधरणी नको.

गंमत वाटली, म्हणून मुलं गेली. पुढच्या शनिवारी पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही. मी विचारलं, "अहो, एकदा मोजली ना खाडी?" मास्तर गंभीरपणे म्हणाले, "शास्त्रीबुवा, भरतीला ती वेगळी, ओहोटीला वेगळी. एका मोजणीवर विश्वास ठेवणारा माणूस गणिताचा नव्हे." काठावर जाळी सुकवणारा बुधाजी कोळी होडीतून माणसं पलीकडे न्यायचा धंदा करी. तो तर उघड हसे. "मास्तर, दर शनवारी खारी मापताव, ती का वारते का काय?"

एका शनिवारी दोरी धरायला माणूस कमी पडला म्हणून त्यांनी मला धरून नेलं. दोरी धरून कंटाळलो, तेव्हा मी सहज नळीला डोळा लावला. खुंट चिखलाच्या रंगाचा, तो काही मला दिसेना. दिसलं ते लाल लुगडं. खुंटाला टेकून एक मुलगी उभी होती आणि कपाळावर हात धरून आमच्याकडे बघत होती. मी बुधाजीजवळ जाऊन बसलो आणि ती मुलगी कोण, ते विचारलं. तो म्हणाला, "ती? ती मास्तरांचीच यमू. मिठाच्या कारकुनाची सून. शनवारी धुणं घेऊन येते, धुतं काय नाय."

मग मला सगळा उलगडा झाला. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा आमच्यातला रिवाज. व्याह्यांकडे जाऊन कोरड्या घशानं बसणार किती वेळ? तेही एकदा जाता येईल, दर आठवड्याला काय निमित्त सांगणार? आणि तिनं माहेरी यावं, तर सासू म्हणे, घरात बाईमाणूस नाही तिथं सून कशी धाडू? खाडी ती केवढी, हाक मारली तर अर्धी ऐकू जाईल. पण मास्तरांना तेवढी ओलांडता येत नव्हती. मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून मी दर शनिवारी आपणहून दोरी धरायला जाऊ लागलो.

आमचे हेडमास्तर सरकारी कागद दिसला की उठून उभे राहणाऱ्यांपैकी. मॅट्रिकला तेव्हा त्रिकोणमिती विचारत नसत. जे परीक्षेत नाही ते शिकवायचं आणि वर त्यासाठी मुलांना उन्हात न्यायचं, हे त्यांना खुपू लागलं. शाळा तपासायला डेप्युटी येणार होते. हेडमास्तरांनी निकाल त्यांच्यावर सोपवला. मुलांच्या दोन तुकड्यांनी डेप्युटींसमोर वेगवेगळी मोजणी करायची. उत्तरं जुळली तर शनिवारचा वर्ग राहील, नाही जुळली तर बंद. मास्तर हसून "बरं" म्हणाले. पण त्या आठवड्यात त्यांनी एकाही कळसाचा कोन घेतला नाही, आणि मला त्यांची काळजी वाटू लागली.

तो शनिवार कडक उन्हाचा. डेप्युटी जरीची पगडी घालून, भली मोठी छत्री घेऊन आले. हेडमास्तर त्यांच्या एका बाजूला, छत्रीच्या आड दुसऱ्या बाजूला मास्तर. पहिल्या तुकडीनं कोन घेतला, गणित केलं, उत्तर पाटीवर लिहून पाटी पालथी ठेवली. मग दुसरी तुकडी. दोन्ही पाट्या उलटल्या, तर दुसऱ्या तुकडीची खाडी पहिलीपेक्षा सत्तर हात रुंद!

हेडमास्तरांनी घसा साफ केला. मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. ते मुलांना म्हणाले, "अरे, खुंटावरच नेम धरलात ना?"

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी एक जण खालमानेनं म्हणाला, "सर, खुंट कुठे दिसतो? आम्ही नेहमी यमूताईंवरच नेम धरतो. लुगडं लांबून दिसतं."

मास्तर समजत होते की आपलं गुपित आपल्यापाशीच आहे. सगळ्या वर्गाला ते ठाऊक होतं, आणि मुलं आपली इमानदारीनं दर शनिवारी यमूचा कोन काढत होती!

डेप्युटी पुढे झाले आणि त्यांनी स्वतः नळीला डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मास्तर, तुमची खूण चालते आहे. चिखलातून, काठाकाठानं. आणि मधूनच डोळ्याला पदर लावते आहे."

माझ्या लक्षात आलं. नेहमीच्या जागी तिला आज वडील दिसलेच नव्हते. दिसत होत्या पगड्या, गर्दी आणि छत्री. ती घाबरून, त्यांना शोधत, काठानं धावत सुटली होती. मी मास्तरांचा दंड धरला आणि त्यांना छत्रीबाहेर उन्हात ओढलं. त्यांनी दोन्ही हात वर केले. पलीकडे लाल ठिपका जागच्या जागी थांबला, आणि मग मटकन खाली बसला. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

डेप्युटींना स्वतःच्या मुली किती होत्या, मला ठाऊक नाही. त्यांनी छत्री मिटली आणि हेडमास्तरांकडे वळून अगदी कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "रीत बरोबर आहे. खूण हलली म्हणून उत्तर चुकलं. याचा ताळा पलीकडच्या काठावरून पाहिला पाहिजे. दर शनिवारी. आणि शिक्षकानं जातीनं हजर राहिलं पाहिजे. मी शेऱ्यात तसं लिहितो." शेरा म्हटल्यावर हेडमास्तर उभेच होते, ते आणखी ताठ झाले.

पुढच्या शनिवारी बुधाजीनं आम्हा सर्वांना पलीकडे नेलं. सरकारी काम म्हटल्यावर व्याही स्वतः काठावर आले. त्यांनी रीतीप्रमाणे पाणी विचारलं, मास्तरांनी रीतीप्रमाणे हात जोडले. व्याहीही समजूतदार, मुलांना घेऊन मिठागर दाखवायला निघून गेले. खुंटापाशी यमू उभी होती. लग्नानंतर इतक्या जवळून मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. मास्तर तिच्याकडे नुसते बघत राहिले, मग त्यांनी उपरण्याखाली हात घातला. मला वाटलं, आता नळी काढतात की काय! निघाला फडक्यानं तोंड बांधलेला तांब्या.

"तुझ्या घरचं मला चालत नाही," ते म्हणाले. "माझ्या घरचं तुला चालतं ना? आपल्या विहिरीचं आहे. सकाळीच काढलं."

यमूनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडत होतं. मास्तर तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "सावकाश पी गं. पुढच्या शनिवारी घागर आणतो."