राजांनी तबकड्या वाटिल्या त्याची हकीकत

श्रीगजाननास वंदून आणि वडिलांचे पाय आठवून लिहिले जाते ऐसे की, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, वैशाख शुद्ध पंचमीस एका राज्यात जी मसलत ठरली आणि तिजपासून पुढे जे जे घडले, ते आम्ही दरबारचे कारकून, लिहिण्याच्या फडावर बसून डोळां पाहिले. जे पाहिले नाही ते पाहणारांस पुसून घेतले. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही.

त्या राज्याचे धनी श्रीमंत निंबाजीराजे, वय वर्षे बावन्न, रयतेस प्रिय, आणि व्हिडिओ गेमचा शौक मोठा. महालाचे पूर्वेकडील दालन खेळखाना म्हणोन राखिले होते, आणि तेथे शिसवी कपाटांत चारशे तबकड्या, ज्यांस लोक डिस्क म्हणतात, उभ्या मांडिल्या होत्या. त्यांवर दारोगा इभ्रामखान, बावीस वर्षांचे चाकर. दर शुक्रवारी ते मलमलीचा तुकडा घेऊन एकेक तबकडी मधून कडेकडे पुसीत, आणि कोणती कोठे अडकते हे त्यांस तोंडपाठ होते. कोणी खेळ मागावयास आला तर कपाट उघडून देत.

ऐसे असता कारभारी सखोपंत यांनी दरबारी विनंती केली की, "महाराज, पावसाळ्यात तबकड्यांस बुरशी येते, उसन्या गेलेल्या निम्म्या परत येत नाहीत. हल्ली सातासमुद्रापलीकडील सौदागर हवेतून खेळ देतात. बसल्या जागी डाउनलोड करावा आणि खेळावा. जागा लागत नाही, ओरखडा पडत नाही, मोहिमेवर तंबूतही तोच खेळ हजर. आणि पूर्वेचे दालन सर्वांत हवेशीर. रयतेच्या बायका बाळंतपणास महालात येतात त्या आज ओसरीवर निजतात. ते दालन त्यांस द्यावे." मसलत खरी चांगली होती, दरबारात कोणासही खोट काढता येईना. मग राजांनी इभ्रामखानास पुसले, आणि खान बोलिले, "हुजूर, मला जास्त समजत नाही. आज कुणी खेळ मागितला तर मी कपाट उघडतो. उद्या काय उघडू?" राजे हसले आणि म्हणाले, "खानसाहेब, उद्या तुम्हांस विश्रांती." आणि हुकूम जाहला. दवंडी पिटली, दोन दिवसांत तबकड्या आणि जुनी यंत्रे वेशीपाशी रयतेस वाटिली, आणि तेच सर्व खेळ सौदागरांकडून पुन्हा हवेतून घेतले. नवे यंत्र आले ते ताटासारखे पातळ, तबकडी घालावयास फट म्हणोन नाही. आणि दालनात खाटा पडल्या, आणि आश्विनापर्यंत एकोणीस लेकरे सुखरूप जन्मली. तेव्हा सर्व म्हणो लागले की पंतांची मसलत फळास आली.

आता राजांची धाकटी बहीण अंबिकाबाईसाहेब, घाटापलीकडे दिल्या होत्या. बहीणभावांचा जिव्हाळा लहानपणी ऐसा की ताट एक, रुसणे एक. परंतु मातोश्री निवर्तल्या त्या समयी, शेवटल्या आजारात कोण जवळ होते आणि कोण नव्हते यावरून दोघांत शब्दास शब्द लागला, आणि सहा वर्षे पत्र नाही, भाऊबीज नाही. माघमासी बाईसाहेबांचे पत्र आले. फडावर आम्हीच वाचिले. "दादासाहेब, आता माझेही केस पिकले. रागावून राहण्याचा कंटाळा आला. फाल्गुनात तीन दिवस येते. बोलायला काही सुचणार नाही, तुम्हांलाही नाही. तर तो सात बेटांचा खेळ काढून ठेवा, आपण लहानपणी खेळायचो तो. मी शीड धरीन, तुम्ही सुकाणू धरा." पत्र ऐकोन राजे खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

मग यंत्र लाविले आणि 'सात बेटे' काढू गेले, तो खेळाचे नाव दिसे, चित्र दिसे, परंतु सर्व राखी रंगाचे, दाबिले तरी उघडेना. दोन वेळा, चार वेळा दाबिले. सौदागरांस लिहिले, आणि आठवे दिवशी उत्तर आले की, "खेळ आपणांस विकला नव्हता. खेळण्याची मुभा दिली होती. आमचा खेळ करणारांशी करार सरला, सबब मुभा सरली." राजांनी ते उत्तर पुन्हा वाचावयास सांगितले, आणि पुसिले, "आम्ही घेतला होता ना?" सखोपंतांनी मान खाली घातली.

तेव्हा इभ्रामखानास बोलाविले. कोणी काय नेले याची यादी केली नव्हती, परंतु खानांस याद होती. म्हणाले, "सात बेटे तांबट आळीतल्या सगुणाबाईंनी नेली, सोबत जुने यंत्र. त्यांचे धनी महादू तांबट." राजे म्हणाले, "आणू या. माणूस पाठवून नको, मी येतो." आणि पालखी आळीच्या तोंडाशी ठेवून दोघे पायी गेले.

महादू तांबट चाळीस वर्षे हंडे-घागरी ठोकीत आला, आणि ठोकता ठोकता कानांनी बहिरा जाहला. राजे दारी येता नवराबायको दोघे सतरंजीवर बसोन तोच खेळ खेळत होती. सगुणाबाई घाईने उठली, पदर सावरिला आणि पाट मांडिला. राजांनी येण्याचे कारण सांगितले. ती म्हणाली, "सरकार, वेशीवर मी दुसराच खेळ मागत होते. खानसाहेबांनी विचारलं, घरात कोण कोण? मी म्हटलं, आम्ही दोघंच, आणि ह्यांना ऐकू येत नाही. तेव्हा त्यांनी हा दिला. ह्यांचे कान गेले तसं घरातलं बोलणं सरलं होतं हो. ओरडून किती बोलणार, आणि ओरडून बोललं की भांडल्यागत वाटतं. ह्या खेळात नाव दोघांनी हाकायची. एकानं चूक केली की दुसऱ्याला कळतं, सांगावं लागत नाही." इतके बोलोन तिने यंत्रातील तबकडी काढिली, डबीत घातिली, आणि राजांपुढे ठेविली. "सरकारांची वस्तू. न्यावी."

महादूस काय बोलणे झाले ते कळले नव्हते. त्याने पडदा काळा झालेला पाहिला, बायकोच्या तोंडाकडे पाहिले, आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात पुसिले, "संपला का खेळ?" सगुणाबाईने हाताने काही सांगू पाहिले आणि हात तसाच राहिला. राजांचा हात डबीपर्यंत गेला होता, तोही तेथेच राहिला. इभ्रामखान हळूच म्हणाले, "हुजूर, नेली तरी आपल्या यंत्राला फट नाही." राजे म्हणाले, "ठाऊक आहे. यंत्रही मागणार होतो." मग डबी उचलोन महादूच्या हाती दिली, आणि बाईस म्हणाले, "फाल्गुनात माझी बहीण येणार आहे. तिला घेऊन इथे खेळायला आलो तर चालेल का?" ती म्हणाली, "चालेल की. घर लहान आहे, आणि चार वाजेपर्यंत आळीत ठोकाठोक असते. चारनंतर या."

दुसरे दिवशी सखोपंतांनी कारभाराचे शिक्के राजांपुढे ठेविले की, "मसलत माझी, चूक माझी." राजे म्हणाले, "त्या दालनात लेकरे जन्मली तीही तुमचीच मसलत. शिक्के उचला." कोणी सुचविले की पुन्हा चारशे तबकड्या आणाव्या. तेव्हा इभ्रामखान बोलिले, "हल्लीच्या कित्येक तबकड्यांत खेळच नसतो, हुजूर. नुसती किल्ली असते. खेळ हवेतूनच उतरवावा लागतो. सौदागराने दार लावले की किल्ली हातात घेऊन बसायचे." हे ऐकोन राजांनी पुष्कळ विचार केला आणि ठरविले की, एकट्याने वेळ घालवावयाचा खेळ खुशाल हवेतून घ्यावा, गेला तर गेला, परंतु जो कोणास द्यावयाचा, कोणासंगे खेळावयाचा, तो हाती धरता येईल ऐसाच घ्यावा, आणि आत खेळ आहे की किल्ली हे आधी पुसावे. आणि जिन्याखाली एक लहान कपाट करून खानांच्या हवाली केले.

फाल्गुन वद्य द्वितीयेस अंबिकाबाईसाहेब आल्या. ओवाळणे झाले, जेवणे झाली, आणि दोघांस प्रवासाखेरीज बोलावयास खरेच काही सुचेना. चार वाजता तांबट आळीत गेली. सतरंजीवर बाईसाहेबांनी शीड धरिले, राजांनी सुकाणू, आणि दोन बेटे बोटांनी आपसूक ओळखिली. पाचव्या बेटापाशी सामुद्रधुनी लागली, आणि नाव बुडाली. पुन्हा गेली, पुन्हा बुडाली. बाईसाहेब म्हणाल्या, "इथेच बुडायचो आपण." राजे म्हणाले, "कायम इथेच. पुढे काय आहे ते मला अजून माहीत नाही." मागे बसलेला महादू पडद्याकडे पाहात होता, तो मोठ्याने म्हणाला, "बाईसाहेब, शीड पाडा. तिथं वारा उलटा आहे. नाव नुसती जाऊ द्या." बाईसाहेबांनी शीड पाडिले. राजांनी सुकाणू सैल सोडिले. आणि नाव हळूहळू खडकांमधून पार जाहली.

सातवे बेट लागले तेव्हा आळीत दिवे लागत होते. बेटावर खजिना नव्हता, शत्रू नव्हता. उतरता वाळूचा किनारा, एक झाड आणि मागे वळून पाहिले असता सहाही बेटे ओळीने दिसत. चौघे पाहात बसली. सगुणाबाई म्हणाली, "आम्हीही पहिल्यांदा असेच बसलो होतो." मग अंबिकाबाईसाहेब पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "दादा, आईला दाखवायला हवं होतं." सहा वर्षांत मातोश्रींचे नाव दोघांमध्ये प्रथम निघाले. राजे म्हणाले, "हो. ती विचारायची, पोचलात का रे."

येणेप्रमाणे जाहले. बाईसाहेब तीन दिवसांकरिता आल्या होत्या, त्या गुढीपाडवा करून गेल्या. यात पदरचे घातले नाही, घडले ते गाळिले नाही. इतके लिहून कलम पुसिली.