भानुदासरावांचा अंगठा

भानुदासराव गाडी चालवायला बसण्याआधी चपला काढतात. देवळाबाहेर ठेवाव्यात तशा जोडीनं फाटकाच्या आत ठेवतात. गाडीत घेत नाहीत, कारण चपलांना वजन असतं. मग उजव्या पायाचा अंगठा दोनदा वर-खाली करून मोकळा करतात आणि अलगद अ‍ॅक्सिलरेटरवर टेकवतात. पाऊल नाही, फक्त अंगठा.

"पाय ठिवला की पेट्रोल वाहतं सर," ते मला सांगतात, "अंगठा ठिवला की ठिबकतं."

या माणसानं सारी नोकरी पाटबंधारे खात्यात पाणी मोजण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर पाणी सुटलं आणि पेट्रोल हाती आलं. संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून आहे, त्यामुळे हा छंद त्यांना लागला आणि भोगायला मी लागलो.

त्यांनी एक छोटी व्हॅन घेतली. पांढरी, खोक्यासारखी चौकोनी. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, लिटरला वीस किलोमीटर. पहिल्याच टाकीला सोळा पडले. दुसरा कोणी असता तर चार शिव्या घालून गप्प बसला असता. भानुदासराव पुस्तिका घेऊन शोरूममध्ये गेले. तिथला पोरगेला विक्रेता म्हणाला, "काका, ते चाचणीतलं अ‍ॅव्हरेज असतं. प्रत्यक्षात खड्डे आले, ट्रॅफिक आला..."

"म्हंजे वीस हाय ते कागदावर," भानुदासराव म्हणाले. "मला रस्त्यावर पायजे."

तिथून परत आले ते प्रतिज्ञा करूनच. या गाडीकडून वीस काढीनच, आणि कागदावर नाय, रस्त्यावर! पुढे हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं की ते आंब्यांनाही लागू झालं आणि भाचीला सांगून आलेल्या स्थळालाही. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. माझा एक विद्यार्थी विद्यापीठात पहिला आला, हे मी त्यांना मोठ्या कौतुकानं सांगायला गेलो तर म्हणाले, "कागदावर का रस्त्यावर?" मला तेव्हा राग आला होता.

अ‍ॅव्हरेज काढायची त्यांची रीत एकच. टाकी गळ्यापर्यंत भरायची, गाडी फिरवायची, पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. पंप तोच, नळी तीच, आणि गाडी उभी करायची ती फरशीही तीच. त्या फरशीवर दुसरी गाडी असली तर आम्ही थांबायचो. इंजिन बंद करून, अर्थातच. भरून झालं की ते ओरडायचे, "हलवा!" टाकीत हवा अडकते, ती निघेपर्यंत गाडी दोन्ही बाजूंनी गदागदा हलवावी लागते. एका बाजूनं ते आणि दुसऱ्या बाजूनं मी. एकदा असं हलवताना मागे मोटारसायकलवर माझ्याच वर्गातली मुलं उभी होती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरल्याबरोबर मागच्या बाकावरून बारीक आवाज आला, "हलवा!"

नागपूरहून माझे पाहुणे आले तेव्हा त्यांना वेरूळ दाखवायचं ठरलं. भानुदासराव स्वतःहून म्हणाले, "मी नेतो की!" माणूस मनाचा मोठाच. पण निघताना त्यांनी पाहुण्यांकडे खालपासून वरपर्यंत असं पाहिलं की माझ्या मेव्हणीनं पोट आत घेतलं. डबे घरी राहिले. पाण्याच्या बाटल्या घरी राहिल्या. "वेरूळला पाणी मिळतं," ते म्हणाले. क्रांती चौकात सिग्नलला इंजिन बंद. वाटेत प्रत्येक उताराला गाडी न्यूट्रल. "आता कुणी हलू नका," ते दरडावायचे, आणि आम्ही फोटो काढायला बसल्यासारखे ताठ बसून राहायचो. एका लग्नाच्या वऱ्हाडाचा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. त्यातल्या बायकांनी आमच्याकडे बघून हात हलवले. भानुदासरावांनी हात हलवला नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष अंगठ्यात होतं.

कुसुमवहिनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, हे सगळं शांतपणे बघायच्या. कमी बोलणारी बाई. त्यांचं माहेर पैठणचं, आई म्हातारी झालेली, आणि जीव सारखा तिकडे ओढलेला. पण व्हॅन पैठणला जायची ती टाकीच्या हिशोबात बसेल तेव्हाच. एकदा माझ्यादेखतच त्या म्हणाल्या, "मला शिकवा की गाडी. मनात आलं की आईला बघून येईन."

भानुदासराव मोठ्यानं हसले. "तुझा पाय पडला की अ‍ॅव्हरेज गेलं खड्ड्यात!"

वहिनी कपबशा उचलून आत गेल्या. ते त्यांचं आत जाणं मला फार लागलं. भानुदासरावांना लागलं असेल असं वाटलं नाही, कारण ते तेव्हा टायरमधली हवा तपासत होते.

पैठणलाच वहिनींचा भाऊ, दत्तू. बियाण्यांचं दुकान, जीभ सैल, आणि घरात अगदी अशीच व्हॅन. तो छातीठोकपणे सांगायचा, "दाजी, माझी देती की वीस! तुमच्या पायातच जोर जास्ती." मेहुण्यानं असं बोलावं आणि भानुदासरावांनी ऐकून घ्यावं? पैज लागली. दत्तूच्या धाकट्याच्या जावळाला दोघांनी गाड्या भरून निघायचं. दत्तूनं आदल्या दिवशी संभाजीनगरला येऊन टाकी भरून परत जायचं, भानुदासरावांनी त्या दिवशी पैठण गाठायचं, आणि पैठणच्या पंपावर चार पाहुण्यांसमोर निकाल. हरेल त्यानं भर मांडवात म्हणायचं, "तुझा पाय माझ्यापेक्षा हलका." भानुदासराव साडेअठरापर्यंत पोचले होते. दीडच उरला होता. त्यांनी जॅक काढला, स्टेपनी काढली, पायपुसणीसुद्धा काढली.

आणि नेमकं तेव्हाच अ‍ॅव्हरेज घसरलं. साडेअठराचं सतरा झालं, सतराचं चौदा. गाडी तीच, रस्ता तोच, अंगठा तोच. भानुदासरावांची भूक गेली. सलीमभाई मेकॅनिकनं कार्बोरेटर उघडला, प्लग पुसले, जमिनीला कान लावून गळती शोधली आणि शेवटी हात झटकले. "काका, गाडी में कुछ भी नई. पेट्रोल कोई तो बी पी रा."

झालं! चोर. टाकीच्या झाकणाला कुलूप आलं. किल्ली करगोट्याला गेली. चाकांभोवती रोज रात्री रांगोळीची पूड पसरली गेली, पावलं उमटावीत म्हणून. पहिल्या दिवशी उमटली ती आमच्या मांजराची. गल्लीतल्या एकूण एक माणसावर त्यांचा संशय आला. माझ्यावरही आला, कारण माझ्याकडे स्कूटर आहे.

आता एक गोष्ट सांगायला हवी. भानुदासरावांचं बिडकीनच्या पुढे शेत आहे, आणि शेतावर ते एसटीनं जातात. व्हॅन दारात उभी ठेवून! शेताची वाट कच्ची, तिथे अ‍ॅव्हरेज मरतं म्हणून. आठवड्यातून दोनदा सकाळी जायचे ते संध्याकाळी परत. एके दिवशी मलाही सुट्टी होती, हुरडा खायला म्हणून मी त्यांच्याबरोबर निघालो. एसटी चितेगावच्या अलीकडेच बंद पडली. तासभर वाट बघून आम्ही भेटेल त्या जीपनं परत फिरलो आणि दुपारी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर उतरलो.

घरांच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे. तिथून इंजिनाचा आवाज येत होता. भानुदासरावांचे कान टवकारले. "माझीच हाय," ते पुटपुटले आणि वाकून, दबकत भिंतीच्या कडेला गेले. मी मागोमाग.

प्लॉटमध्ये व्हॅन होती. पुढे जात होती, थांबत होती, मागे येत होती, गचके खात होती. स्टिअरिंगवर कुसुमवहिनी होत्या. पदर कमरेला खोचलेला, कपाळ घामानं भिजलेलं. शेजारच्या सीटवर आमची ही, जीव मुठीत धरून. व्हॅनची दुसरी किल्ली त्यांच्या घरात कुठे असते हे भानुदासराव सोडून गल्लीला ठाऊक होतं, हे मला नंतर कळलं. वहिनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकत होत्या आणि हात बसावा म्हणून इथे सराव करत होत्या. अंतर शून्य आणि क्लच अर्धवट दाबून इंजिनाचा नुसता आक्रोश. पेट्रोल कुठे जात होतं ते आम्हा दोघांनाही एकदमच कळलं.

आता ज्वालामुखी फुटणार म्हणून मी डोळे मिटले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर भानुदासराव भिंतीला टेकून बघत होते. त्यांची नजर प्लॉटच्या कडेला जमिनीवर होती. तिथे वहिनींच्या चपला ठेवलेल्या होत्या. जोडीनं.

गाडी पुन्हा गचका खाऊन बंद पडली. वहिनींनी पुन्हा किल्ली फिरवली. "अंगठा," भानुदासराव श्वासाच्या आवाजात म्हणाले. "अंगठा लाव, कुसुम." मग माझा दंड धरून त्यांनी मला मागे ओढलं. "चला सर, चहा घिऊ. संध्याकाळपर्यंत आपण शेतावर हावोत."

चहाच्या हॉटेलात आम्ही बसून राहिलो. त्यांनी चहा बशीत ओतला. "लई हसलो व्हतो मी तिला त्या दिशी," ते म्हणाले. "तिनं मला पुन्यांदा इचारलंच नाय." एवढंच. मला त्या क्षणी या माणसाच्या सगळ्या तऱ्हा माफ कराव्याशा वाटल्या, ती पंपावरची हलवाहलवीसुद्धा.

त्यानंतर सुरू झालं ते चोराच्या शोधाचं नाटक. फाटकात उभं राहून, आत ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणायचे, "चोर लई हुशार हाय सर! सापडंना!" टाकीचं कुलूप गंजलं म्हणून काढून टाकलं. शेतात कापणी संपली, काही उरलं नव्हतं, तरी एसटीनं आठवड्यातून तीन-तीनदा जायला लागले. पहाटे फिरायला निघाले की त्या मोकळ्या प्लॉटमधले दगड आणि काचांचे तुकडे उचलून कडेला टाकायचे. दर वेळी शेतावर जाण्याआधी टाकीत पेट्रोल टाकायचे. अ‍ॅव्हरेज विचारलं तर म्हणायचे, "पडलंय." आणि त्यांचा चेहरा खरोखरच पडायचा, कारण पैज जवळ येत होती. हरणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. दत्तूसमोर तर नाहीच.

जावळाच्या दिवशी सकाळी दारात व्हॅन धुऊन उभी. टाकी भरलेली, मी हलवून आलेलो. वहिनी नव्या लुगड्यात. आमची ही आणि मी मागे बसायला तयार. आणि भानुदासराव लंगडत बाहेर आले. पायाच्या अंगठ्याला ही जाड पट्टी.

"मुरगाळला," ते कण्हले. "मोरीत घसरलो. आता कसं करावं? सरांना तर स्कूटरच येती." मग आभाळाकडे बघून, "घरात कुणाला येत असती गाडी तर..."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात लायसन्स होतं. शिकाऊ नव्हे, पक्कं. हे मात्र भानुदासरावांना माहीत नव्हतं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "रस्त्यावर परीक्षा दिली?" त्यांनी विचारलं.

"मग काय कागदावर?" वहिनी म्हणाल्या. त्यांनी चपला काढून फाटकाच्या आत ठेवल्या आणि स्टिअरिंगवर बसल्या.

पैठणपर्यंत भानुदासराव डाव्या सीटवर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. बिडकीनच्या गर्दीत वहिनींनी गाडी पहिल्या गिअरमध्ये अर्धा किलोमीटर रडवली, तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला, पण ते खिडकीबाहेर बघत राहिले. एका उताराला मीच बोलून गेलो, "वहिनी, न्यूट्रल!" तर मागे वळून मला म्हणाले, "चालवू द्या हो तिला."

पैठणच्या पंपावर दत्तू पाहुणे घेऊन उभाच होता. त्याचं आधीच भरून झालं होतं, साडेअठरा पडलं होतं. वीस त्यालाही पडलं नव्हतं. स्टिअरिंगवरून बहीण उतरताना बघून त्याचं तोंड उघडं पडलं. "आक्का, तू?" टाकी भरली. आम्ही हलवली. हिशोब झाला.

"तेरा!" दत्तू ओरडला. "दाजी, तेरा! बोला आता!"

मांडवात जायचीही वाट न बघता भानुदासराव तिथेच सगळ्या पाहुण्यांसमोर उभे राहिले. "दत्तू, तुझा पाय माझ्यापेक्षा हलका," ते स्पष्ट आवाजात म्हणाले. "पर माझी गाडी तुझ्या बहिणीनं आणली. रस्त्यावरून."

पाहुणे घराकडे निघाले. वहिनींची आई दारात येऊन थांबली होती, तिला लेक गाडी चालवत आल्याचं कोणीतरी आधीच सांगितलं होतं. भानुदासराव लंगडत तिकडे निघाले तशा वहिनी त्यांच्या शेजारी आल्या. मी पाठीमागेच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"अवो," त्या हळूच म्हणाल्या, "अ‍ॅक्सिलरेटर उजव्या पायाला असतंय. पट्टी डाव्याला बांधलीय तुमी."