एकोणीस अक्षरांचे बंकटअण्णा

लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली की माणसं नवरा-नवरीकडे बघतात. आमचे शेजारी बंकटअण्णा स्वतःच्या बोटांकडे बघतात. पेरांवर अक्षरं मोजायची आणि वृत्त चुकलं की भर मांडवात ओरडायचं, "एक अक्षर जास्त झालं!" त्यामुळे घाटनांदुरात त्यांना पत्रिका अगदी शेवटच्या दिवशी मिळते.

परळीच्या थर्मल वीज केंद्रात फिटर म्हणून त्यांचा जन्म गेला. "शार्दूलविक्रीडित म्हंजी एकोणीस अक्षरं. बाराव्यावर दम घ्यायचा. नट ढिला र्‍हायला की मशीन थरथरती, तसं हाय बे हे," असं ते मला चहाच्या प्रत्येक कपाबरोबर ऐकवतात.

माझ्या बहिणीच्या लग्नासाठी आईनं स्वतः मंगलाष्टक रचलं. आई चौथी शिकलेली. वडील नामदेवराव जाऊन दोन वर्षं झालेली. विधवा बाईनं मांडवात पुढं यावं का, यावर भावकीत कुजबुज चालूच होती. तरी ते आपणच म्हणायचं, असं आईनं ठरवलं होतं. तिनं कागद अण्णांना दाखवला.

अण्णांनी चष्मा पुसून प्रत्येक अक्षरावर लघु-गुरूच्या खुणा केल्या. "यमक लई ग्वाड साधलंय, वैनी. तिसरी ओळ तेवढी मोडती. 'नामदेवराव' बसत न्हाई. नुस्तं 'नामदेव' करा."

आई ताडकन म्हणाली, "आख्ख्या गावानं त्यांना कदी नुस्तं नामदेव म्हनलं न्हाई. मी म्हनू?"

अण्णा कागद खिशात घालून निघून गेले. आता हे मांडवात आपली शोभा करणार, अशी माझी खात्रीच झाली.

लग्नात आईनं माइक घेतला. दोन ओळी नीट गेल्या. तिसरीत वडिलांचं नाव आलं आणि ती अडली. भटजी पुढचं म्हणायला लागणार, तेवढ्यात मागून अण्णांचा भसाडा आवाज आला. "नामदेवराव", पुरतं, रावासकट! वृत्त पार मोडलं. शेवटची ओळ आईनं त्यांच्याबरोबर म्हटली. त्या दिवशी या माणसानं माझ्या आईला मांडवात ताठ उभं ठेवलं. हे उपकार मी विसरणार नाही.

जेवणं झाल्यावर त्यांनी कागद परत दिला. दोन्ही बाजूंनी तीच ओळ वीसेक वेळा फिरवून लिहिलेली.

"आठ दिस बसवलं, न्हाई बसलं," ते म्हणाले. मग मान खाली घालून हळूच बोलले, "आमच्या घरातलं 'अहो' म्हननारं मानूस गेलं, तवापासनं मला तशी हाक कुनी मारत न्हाई. तुमी राव सोडू नका, वैनी."